चौकोनी भानोलं

बस बॉथेलला थांबली तरी सुचित्राचे पाय उचलेनात. आठ तास उभं राहून ते असे भरून आले होते, की बुटात पाय आहेत की ओली वाळू, तेच कळेना. ड्रायव्हर रोजचाच होता. त्यानं आरशातून पाहिलं आणि म्हणाला, "धिस इज यू, मॅम." तिनं एका हातानं दांडा धरला, दुसऱ्या हातात दोन पिशव्या गोळा केल्या आणि ती कशीबशी खाली उतरली. पाऊस होताच. अमेरिकेच्या या कोपऱ्यात नोव्हेंबरात पाऊस आहे का असं कोणी विचारत नाही, किती आहे तेवढंच विचारतात. छत्री सकाळी दारामागे राहिली होती, म्हणजे डोक्यावर ओतून घेणं आलं.

दोन पिशव्यांपैकी एकीत तिचा रिकामा डबा होता. दुसरीत कामाबोकोचे तुकडे. हे कामाबोको काय प्रकरण आहे ते आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. पांढऱ्या माशाचा लगदा वाटून वाटून लोण्यासारखा करायचा, लाकडाच्या छोट्या फळीवर अर्धगोल थापायचा, वरून गुलाबी रंग द्यायचा आणि वाफवायचा. झालं कामाबोको. दिसायला खरवसाच्या वडीसारखं, दाताखाली जरा रबरी, आणि वास म्हणाल तर नावापुरता. न सांगता कुणापुढे ठेवलं तर यात मासा आहे असं कुणाच्या बापाला कळायचं नाही.

बेलव्ह्यूला मोरिताबाईंचं जपानी दुकान होतं. पुढे वाणसामान, मागे स्वयंपाकघर, आणि त्या मागच्या स्वयंपाकघरात सुचित्रा. मुंबईची केमिस्ट्रीतली एम.एस्सी. होती ती, फर्स्ट क्लास. पण त्या डिग्रीचा इथे कुणी चहा करून प्यायलं नाही. गेली तीन वर्षं ती जपानी जेवणाचे डबे भरत होती. डब्यात कामाबोकोच्या चकत्या अगदी एकसारख्या लागत, म्हणून दोन्हीकडची टोकं कापून बाजूला टाकायची. संध्याकाळपर्यंत टोकांचा ढीग व्हायचा. मोरिताबाईंना अन्न टाकवत नसे. त्या ती टोकं कागदात बांधून तिच्या हातात कोंबायच्या आणि म्हणायच्या, "सुचि-सान, टेक होम." बरं, नेऊन करायचं काय? दीपानं, म्हणजे तिच्या पंधरा वर्षांच्या लेकीनं, पहिल्याच दिवशी एक तुकडा चावून पाहिला आणि जाहीर केलं, "मॉम, इट्स अ‍ॅन इरेझर." तेव्हापासून टोकं फ्रीजरमध्ये जाऊन पडत होती.

घरात शिरली तर नाना सोफ्यावर बसले होते. गळ्याला मफलर, टीव्ही बंद, दिवाही लावलेला नाही. नाना म्हणजे प्रल्हाद टिपणीस, सुचित्राचे सासरे. ठाण्याच्या शाळेत छत्तीस वर्षं भूमिती शिकवलेला माणूस. वर्गात त्यांचा आवाज असा होता म्हणे, की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा वहीत रेघा सरळ मारायची. फेब्रुवारीत सासूबाई, म्हणजे माई, गेल्या, जुलैत उल्हासनं वडिलांना इकडे आणलं, आणि आल्यापासून म्हातारा जेवेना.

जेवेना म्हणजे रुसवा नव्हता, हट्ट नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. वेळेवर ताटावर बसत, वरणभात कालवत, चार घास खात आणि म्हणत, "झालं गं माझं, पोट भरलं." सुरुवातीला सुचित्रानं काय नाही केलं! सामन आणला, हळद-मीठ-आगळ लावून तळला. फ्रोजन कोळंबीचं कालवण केलं. नाना तुकडा हळूच ताटाच्या कडेला सरकवत आणि म्हणत, "इथल्या माशाला आपल्यासारखी चव नाही बघ." सीकेपी माणसाच्या ताटात मासा तसाच राहतो म्हणजे काय! तिनं आपली समजूत करून घेतली, की यांना इथलं पाणी, इथले मासे मानवत नाहीत. मग तिनं मासे करणंच सोडलं. वरणभात, भेंडी, दही. तेही उरायचं.

मागच्याच आठवड्यात डॉक्टरनं नानांना काट्यावर उभं केलं होतं. एकशे दोन पौंड. डॉक्टर भला माणूस, पण बोलायला सरळ. म्हणाला, डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी परत या. शंभराच्या खाली गेलात तर दवाखान्यात ठेवून घेणार आणि नाकातून नळी घालून अन्न देणार. उल्हासनं ते नानांना मराठीत सांगितलं.  घरी आल्यावर उल्हास बूट काढत होता तेव्हा नाना हळूच सुचित्राजवळ येऊन म्हणाले, "नळी नको गं." एवढंच. या माणसानं आजवर कधी काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं ते असं. 

"नाना, काय करू जेवायला?" तिनं दिवा लावत विचारलं.

"काही नको. दूध घेईन."

या 'काही नको'नं तिचा जीव खाल्ला होता. सकाळी काही नको, दुपारी काही नको, संध्याकाळी तेच. अंगात त्राण नव्हतं, केसांतून पाणी गळत होतं, आणि एकदम तिचा तोल सुटला. "काही नको काय, नाना! मी काय करू ते तरी सांगा ना! काय हवं ते एकदा सांगून टाका, मी करते! पण काही नको म्हणू नका!"

ओरडली आणि मग तिचीच तिला लाज वाटली. सतरा वर्षांत सासऱ्यांपुढे कधी आवाज चढला नव्हता.  ती तशीच वळली आणि कोट न काढता स्वयंपाकघरात गेली. कोट काढायचा म्हणजे परत त्यांच्यासमोरून जायला हवं होतं.

फ्रीज उघडला. अर्धा कोबी. फ्रीजरमध्ये इरेझरचा डोंगर. कपाटात बेसन, तांदळाचं पीठ, नारळाच्या दुधाचा एक डबा. बघत उभी राहिली आणि अचानक तिला भानोलं आठवलं.

भानोलं हा काही चारचौघांत मिरवायचा पदार्थ नाही, घरचा आहे. बेसनात नारळाचं दूध, आलं-लसूण-मिरचीचं वाटण आणि हळद-हिंग घालायचं. कोबी नाहीतर कोळंबी, जे असेल ते त्यात ढकलायचं आणि भाजायचं. ठाण्याला माई ते पितळेच्या पसरट लंगडीत लावत. खाली निखारे, वर झाकणावर निखारे, आणि त्या स्वतः जवळ पाट घेऊन पंख्यानं वारा घालत. वरचा थर खरपूस झाला की सगळ्या आळीत वास सुटायचा. सुचित्रा लग्न होऊन त्या घरात फक्त आठ महिने राहिली होती, मग व्हिसा आला आणि ती इकडे आली. पण तो वास काही विसरायचा नव्हे.

तिनं कोबी चिरला, कामाबोकोची टोकं बारीक बारीक कापली, पीठ भिजवलं, मूठभर तांदळाचं पीठ घातलं, केकच्या ट्रेला तेल लावून सगळं त्यात ओतलं आणि ओव्हनमध्ये सरकवलं. मग ओट्याला टेकून उभी राहिली. बसली असती तर उठवलं नसतं तिला. उभ्या उभ्याच डोळा लागला.

जागी झाली ती नानांच्या आवाजानं. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, स्वतःहून, चार महिन्यांत पहिल्यांदा.

"भानोलं?" त्यांनी विचारलं.

"हो. बसा, झालंच आहे."

ट्रे काढला, जरा निवू दिला, आणि सुरी फिरवली. तिकडून सरळ, इकडून आडवी. हाताला सवयच ती, दुकानात दिवसभर हेच. एक तुकडा बशीत घालून त्यांच्यापुढे ठेवला. नानांनी तो उचलला, नीट पाहिला, उलटा करून पाहिला.

"चौकोनी कापलंस," ते म्हणाले.

"हो. का हो?"

"काही नाही."

त्यांनी घास घेतला, एकदा चावला आणि जबडा थांबला.  आता हे थुंकणार. नानांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ती ओला कोट घालून, हातात सुरी घेऊन उभी होती. मग ते परत चावायला लागले. सावकाश. तो तुकडा संपला. दुसरा घेतला. तिसरा चहाबरोबर.

आत काय आहे ते सुचित्रानं सांगितलं नाही. मासा म्हटलं असतं, आणि तोही जपानी, तर घास तिथेच खाली राहिला असता असं तिला वाटलं.  कोबी तर होताच ना त्यात! आणि इतक्या दिवसांनी समोरचा माणूस पोटभर खात होता. त्या क्षणी त्यांनी बशी खाल्ली असती तरी तिनं अडवलं नसतं.

पुढचे दहा दिवस भानोल्याचे गेले. एक दिवसाआड ट्रे ओव्हनमध्ये जायचा. कोबी संपला की कांद्याची पात, पात संपली की पालक, पण टोकं मात्र कायम. मोरिताबाईंच्या लक्षात आलं की सुचि-सान आता पुडकं आपण होऊन मागते. त्या खूश होऊन जरा जाड टोकं कापायला लागल्या. बाथरूममधल्या काट्यावर नाना रोज सकाळी उभे राहायचे आणि चष्मा नसल्यामुळे आकडा तिला वाचायला लावायचे. एकशे तीन. एकशे साडेचार. एकशे पाच. उल्हास रेडमंडच्या सॉफ्टवेअर कंपनीत होता, तिथे डिसेंबरात त्यांचं काहीतरी बाजारात यायचं होतं, त्यामुळे त्याचा पत्ताच नसायचा. पण त्यानंसुद्धा एकदा पाठीवर थाप मारली. "कमाल आहे तुझी, सुचित्रा." ती थकलेलीच होती, पाय तसेच सुजत होते, पण जिवात जीव आला होता.

आणि मग रेखाचं पत्र आलं.

रेखा म्हणजे उल्हासची धाकटी बहीण, ठाण्याची. एअरोग्रामवर मुंग्यांसारखं बारीक लिहायची, घडीच्या कडेवरसुद्धा. सुचित्रानं ते कामावरून आल्यावर जिन्याच्या पायरीवर बसून वाचलं. पाऊस, महागाई, मुलाचा खोकला, आणि मग खाली,

"वहिनी, एक सांगायचं राहूनच गेलं. माईच्या अस्थी सोडताना नाशिकला नानांनी तिच्या नावानं मासे खाणं सोडलं. तिला मासे जीव की प्राण, म्हणून तेच. मी म्हटलं, नाना, सोडायचंच तर दोडका सोडा. तर मला म्हणाले, नावडतं सोडण्यात कसला मोठेपणा! ते तुला आपण होऊन सांगायचे नाहीत, सुनेला आणखी काम नको म्हणून. तेव्हा तूच जप. आमच्याकडे आता भानोलंसुद्धा चौकोनीच होतं."

शेवटचं वाक्य वाचलं आणि सुचित्राला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं.

चौकोनी. ठाण्याच्या घरात दोन भानोली व्हायची. माईंच्या सासूबाई विधवा होत्या, त्यांना मासे चालत नसत, म्हणून त्यांच्यासाठी कोबीचं. बाकीच्यांसाठी कोळंबीचं. वरून दोन्ही सारखीच खरपूस, ओळखणार कशी? म्हणून घरात ठरलेलं होतं. कोबीचं कापायचं चौकोनी, माशाचं कापायचं तिरकं, शंकरपाळ्यासारखं. तुकड्याकडे बघून डोळे मिटून खावं. नवी नवरी असताना सुचित्रानं एकदा कोबीचं भानोलं तिरकं कापलं होतं, तेव्हा माईंनी तिच्या हातातली सुरी काढून घेतली होती. रागावल्या नव्हत्या, पण शब्द अजून कानात होते. "सुरी लावायच्या आधी आत काय आहे ते आठवायचं, सुचित्रा."

तिला आठवलं नव्हतं. म्हाताऱ्यानं तुकडा उलटासुलटा करून बघितला होता, चौकोनी आहे हे बघून, आपल्या बायकोच्या खुणेवर विश्वास ठेवून खाल्लं होतं. आणि ही समोर उभी राहून आनंदानं बघत होती. एकदा नाही, पाच वेळा. कुणी ठरवून केलं असतं तरी याहून वाईट फसवता आलं नसतं. ती पायरीवर बसून रडली. खाली सोफ्यावर नाना खाकरले तशी तोंड पुसून उठली.

उल्हासला सांगायला शनिवार उजाडावा लागला. तो कॉफीचा मग घेऊन परत निघायच्या घाईत होता.

"अगं, त्यांना कळलेलं नाही ना? मग झालं तर," तो म्हणाला. "आणि तो काय मासा आहे? प्रोसेस केलेलं आहे ते. डिसेंबरची अपॉइंटमेंट होईपर्यंत तरी काही बोलू नकोस. प्लीज, यार. माझ्या डोक्याला आधीच शंभर कटकटी आहेत."

"उल्हास, त्यांनी माईंच्या नावानं सोडलंय."

"आणि नाकात नळी घातली तर ती कुणाच्या नावानं?"

 तो वाईट बोलला असं नाही, त्याचेही डोळे लाल झाले होते. गाडी गेली आणि ती किती वेळ सिंकशी पाणी सोडून उभी होती.

तिनं मधला रस्ता काढला. दुसऱ्या दिवसापासून भानोलं निव्वळ कोबीचं. चौकोनी, आणि आतून-बाहेरून खरं. नानांनी पहिल्या दिवशी एक तुकडा खाल्ला, "छान झालंय" म्हणाले, आणि बशी सरकवली. पुढच्या दिवशी अर्धा. मग परत दूध. काटा एकशे चारवर आला, मग एकशे तीनवर. बुधवारी सकाळी तिनं आकडा वाचला, एकशे दोन, आणि नानांना मुद्दाम एकशे तीन सांगितला. आणखी एक खोटं. बसमध्ये बसल्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते बेलव्ह्यू येईपर्यंत थांबेना. शेजारची बाई तिला न बोलता टिश्यू देत राहिली.

मासा घालावा तर पाप, न घालावा तर नळी. आणि हे ठरवायचं कुणी? तिनं! ज्या माणसाचा नेम, ज्या माणसाचं पोट, तो सोफ्यावर गप्प, आणि निर्णय सुनेच्या डोक्यावर. का म्हणून? तिला राग आला, आणि त्या रागातच तिला उमगलं, की हे तिनं ठरवायचंच नाही. त्यांना सांगायचं. सांगून त्यांच्यापुढे ठेवायचं. मग ते खावोत, न खावोत, तिला आयुष्यभर तोंड दाखवू नको म्हणोत. फसवून जगवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी अमेरिकेतला टर्की भाजून खायचा सण. मोरिताबाईंनी दुपारी बारालाच दुकान बंद केलं आणि जाताना तिच्या हातात टोकं नाही, फळीवरचं अख्खं कामाबोको ठेवलं. "हॉलिडे," म्हणाल्या. दीपा मैत्रिणीकडे जेवायला गेली होती. उल्हास वर झोपला होता, सहा दिवसांनी पहिल्यांदा दिवसा घरी होता. रस्ते रिकामे, पाऊस चालूच. सुचित्रानं स्वयंपाकघरात जाऊन पिठात वाटण कालवलं, कामाबोको फळीवरून सोडवून बारीक केलं, कोबीचं पान घातलं नाही. नानांना हाक मारली नाही. नुसता ट्रे आत सरकवला आणि वाट बघत उभी राहिली.

झाल्यावर तिनं तो न कापता जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला.

"नाना, जरा येता?"

नाना आले, खुर्ची ओढून बसले. तिनं रस्ताभर वाक्यं पाठ केली होती. नाना, माझ्याकडून चूक झाली. नाना, रेखाचं पत्र आलंय. एकही तोंडातून फुटेना. शेवटी तिनं बोलायचा नाद सोडला, सुरी उचलली आणि ट्रेच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी धरली. एवढं दिसल्यावर आणखी सांगायची गरज नव्हती.

नानांचा हात पुढे आला आणि तिच्या मनगटावर टेकला. कागदासारखा हलका हात.

"सरळ काप," ते म्हणाले.

"नाना, यात..."

"ठाऊक आहे. सरळ काप."

 "कधीपासून ठाऊक आहे?"

"पहिल्या घासापासून. अगं, साठ वर्षं मासे खाल्ले मी. कोणता मासा ते नाही कळलं, कसला रबराचा मासा तो! पण मासा आहे हे न कळायला मी काय मेलोय?"

"मग खाल्लंत कशाला?" तिचा आवाज फुटला. "मला तिथल्या तिथे सांगायचं ना! मी तुम्हाला फसवलं म्हणून इतके दिवस..."

नाना मफलरचं टोक बोटांनी गुंडाळत बसले. मग म्हणाले, "तू कोट काढला नव्हतास."

"काय?"

"बाहेरून भिजून आलीस. मी काही नको म्हटलं, तू ओरडलीस. बरं केलंस ओरडलीस. आणि कोट घालूनच ओट्याशी उभी राहिलीस. खाली पाण्याचं थारोळं झालं होतं. उभ्या उभ्या झोपलीस. मी सोफ्यावरून सगळं बघत होतो. आणि तू ते पुढ्यात ठेवल्यावर मी तोंडातला घास थुंकू? नाही जमलं मला. माईनं मलाच बोल लावला असता."

"आणि त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर भुकेनं खाल्लं," नाना म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली. "खोटं कशाला बोलू. आवडलं. मग तू कोबीचं करायला लागलीस तेव्हा ओळखलं, रेखाचं पत्र आलं असणार. आता काय तोंडानं मागू? बायकोच्या नावानं सोडलेले मासे सुनेकडे मागू?" त्यांनी मफलर गळ्यातून काढून मांडीवर घेतला. "थकलो गं मी, सुचित्रा. तिच्यावाचून जेवायला बसायचं हेच होत नाही. त्यात शहाणपणा करून तिची आवडसुद्धा सोडून बसलो. आता ताटात तिचं काहीच उरलं नाही."

सुचित्रा रडत होती आणि तिला ते लपवायचं भानही नव्हतं. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, हातात सुरी.

"मग आता काय करू मी, नाना?"

"सांगतोय ना, सरळ काप. वर गेल्यावर तिनं विचारलंच, तर सांगीन, सूनबाईनं चौकोनी कापलं होतं, आत काय आहे ते मला काय ठाऊक! सगळं तुझ्यावर ढकलीन." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "चालेल ना तुला?"

"चालेल," ती म्हणाली. रडता रडता हसू आलं तिला. "ढकला माझ्यावर."

तिनं सुरी सरळ केली. चार रेघा उभ्या, चार आडव्या. डोळ्यांत पाणी होतं, तेव्हा रेघा काही फार सरळ आल्या नाहीत, पण भूमितीच्या मास्तरांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यांनी उलथन्यानं एक तुकडा सोडवला आणि तो आपल्या बशीत घेतला नाही. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे बशी होती, तिच्यात ठेवला.

"उभ्यानं नको," ते म्हणाले. "कोट काढ आणि बस."

तेव्हा तिच्या लक्षात आलं की आजही तिनं कोट काढलेला नाही. बटणं ओली होऊन घट्ट बसली होती, थंड बोटांनी ती लवकर निघेनात. नानांनी आपला तुकडा उचलला होता. पण ती शेवटचं बटण काढून, कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून समोर बसेपर्यंत त्यांनी तो तोंडात घातला नाही, तसाच हातात धरून वाट बघत राहिले.